सोंगटीवरची खूण

प्रस्तावना

तीन ओगर होते. तिन्ही एकाच साच्यातून निघालेले: करडं प्लास्टिक, उजव्या हातात सोटा, खांद्यावर कातडं, तोंड अर्धवट उघडं. रविवारची दुपार होती आणि पुण्यात आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर चौकटींचा कागद अंथरून डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव रंगला होता. डाव चालवणारा, म्हणजे डीएम, मी होतो. आमच्यातली सर्वांत लहान खेळाडू दोन वर्षं एकच पात्र खेळत होती, एक पुजारीण. तिने त्या दिवशी तिन्ही ओगरांवर ‘बेन’ नावाचा शाप टाकला. एक ओगर निसटला, दोन सापडले. सापडलेल्याने वार केला की चार बाजूंच्या फाशावर जो आकडा येईल तो त्याच्या वारातून वजा करायचा, असा त्या शापाचा नियम आहे. मी समोरच्या चिठ्ठीवर लिहिलं, ‘दोन ओगर, बेन’. कोणते दोन ते लिहिलं नाही. त्या क्षणी ते डोळ्यांसमोरच होते.

दोन फेऱ्या झाल्या तोवर तिघेही जागचे हलले होते. एक खांबाला वळसा घालून गेला, एक मागे हटला, एक दाराशी आला. दाराशी आलेल्याने पुजारिणीवर सोटा उगारला. वीस बाजूंचा फासा पडला १३, त्यात ओगरचे ६ मिळवले, झाले १९. तिचं चिलखत १८ चं. वार बसला आणि ती कोसळली. पाठोपाठ दुसऱ्या ओगरने पडलेल्या देहावर सोटा घातला. तिच्या पाळीला जगण्या-मरण्याचा फासा पडला ७. पात्र गेलं. टेबलावर कोणी काही बोललं नाही, चहा तसाच गार झाला.

रात्री तिचा फोन आला. “दादा, दाराशी आलेला ओगर माझ्या शापातला होता ना?”

मला उत्तर देता आलं नाही. मी नियम चुकवला असता तर माफी मागून ती फेरी पुन्हा खेळता आली असती. इथे मुळात काय घडलं हेच कोणाला सांगता येत नव्हतं. १९ मधून १ गेला असता तरी वार बसला असता. २, ३ किंवा ४ गेले असते तर चुकला असता. तो ओगर शापातला असेल, तर चारांतल्या तीन वेळा ती वाचली असती. असेल, तर. पाच माणसं तीन तास एका टेबलाभोवती बसली होती आणि त्या ‘असेल’चं उत्तर पाचांपैकी एकाकडेही नव्हतं.

ही पुस्तिका त्या फोनमधून निघाली. ती लिहिणाऱ्या मित्रांनी प्रस्तावना माझ्याकडे सोपवली, कारण चिठ्ठी माझ्या हातची होती.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिल्या छपाईच्या हजार प्रती. प्रत्येक खेळाडू एक पात्र उभं करतो आणि त्याच्या तोंडून बोलतो. बाकीचं जग, राक्षस, सराईवाले, चोर-राजे डीएम चालवतो. एखाद्या कृतीचा निकाल संशयात असला की फासा टाकायचा. लढाई आली की बरेच जण चौकटींचा पट मांडतात. एक इंचाची चौकट म्हणजे पाच फूट, एक फेरी म्हणजे सहा सेकंद. पटावर प्रत्येकाची एक छोटी मूर्ती असते. तिला सगळे ‘मिनी’ म्हणतात. मला सोंगटी हा शब्दही तितकाच चालतो, किंबहुना जास्त आवडतो.

ही सोंगटी उत्तम सांगते ती एकच गोष्ट: कोण कुठे आहे. तो कसा आहे, हे ती सांगत नाही. शिल्पकाराने तिला तलवार उपसून झेपावताना घडवलेलं असतं. डावात तिचा धनी विष पिऊन ओकत असो, भीतीने थिजलेला असो की कोळ्याच्या जाळ्यात गुरफटलेला असो, सोंगटी आपली झेपावतच राहते. खेळाच्या नियमांत मात्र या अवस्थांना मोठं वजन आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अशा पंधरा अवस्था नाव देऊन सांगितल्या आहेत. आंधळा, बहिरा, भुरळ पडलेला, घाबरलेला, पकडलेला, जखडलेला, सुन्न, लुळा पडलेला, अहल्येसारखा शिळा झालेला, विषबाधा झालेला, बेशुद्ध, अदृश्य, हतबल, आडवा पडलेला, आणि पायऱ्यापायऱ्यांनी वाढत सहाव्या पायरीला प्राण घेणारा थकवा. टेबलावर अर्थात कोणी असं बोलत नाही. “अरे, तो प्रोन आहे, बाण नको मारू” हीच तिथली भाषा, आणि पुस्तिकेनेही ती बदलायचा हट्ट धरलेला नाही. शिवाय पंधरांच्या यादीत न बसणाऱ्या मंत्र-शापांची रांग वेगळीच. ज्या ‘बेन’ने माझा घात केला तो या पंधरांत नाही.

एकच अवस्था जवळून पाहू, आडवा पडलेला, म्हणजेच प्रोन. उठायचं तर त्या पाळीतली अर्धी चाल खर्ची पडते. पाच फुटांच्या आतून त्याच्यावर वार करणाऱ्याला दोन फासे टाकून मोठा घेता येतो. लांबून बाण मारणाऱ्याला मात्र दोन टाकून लहान घ्यावा लागतो. म्हणजे पडला एकजण आणि बेत बदलला सगळ्यांचा. तलवारवाल्याने पुढे धावायचं, धनुर्धराने दुसरं लक्ष्य शोधायचं, आणि पडलेल्याच्या सोबत्याने त्याच्यापुढे उभं राहायचं की नाही ते ठरवायचं. चौघांना आपापली पाळी येण्याआधी ही गोष्ट दिसायला हवी. ती फक्त डीएमच्या वहीत असेल तर चौघेही अंधारात चाल करतात आणि मग “अरे, तो पडला होता का? मग मी असं नसतं केलं” सुरू होतं. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की कानात घट्ट बसलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. जी अवस्था दुसऱ्याची चाल बदलते, ती पटावर, सोंगटीच्या अंगावर, सर्वांना दिसेल अशी असली पाहिजे. जी फक्त आपली, उरलेले मंत्र किती, थैलीत बाण किती, ती आपल्या कागदावर राहू दे.

अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचे उपायही जुने आहेत. आपल्या सारीपाटातच पाहा. सोंगटी मधल्या घरातून निघते, पटाला फेरा घालते आणि त्याच मधल्या पट्टीतून घरी परतते. एकाच घरात एक निघालेली आणि एक परतणारी, दोन्ही सारख्याच दिसणार. म्हणून परतीची सोंगटी आडवी ठेवायची. ना वही, ना चिठ्ठी. सोंगटीची ठेवण हीच नोंद. जपानी शोगीत बढती मिळालेली सोंगटी उलटी करतात, तिच्या पाठीवर नवं नाव लिहिलेलंच असतं. बुद्धिबळात मात्र एक फट राहून गेली आहे. राजा किंवा हत्ती एकदा हलून जागी परत आला तर किल्लेकोट करता येत नाही, पण पटाकडे बघून ते कळत नाही. ते लक्षात ठेवावं लागतं. बुद्धिबळात असं लक्षात ठेवण्याजोगं फार थोडं आहे आणि चाली लिहून ठेवायची रीत आहे, म्हणून निभावतं.

युद्धखेळांची परंपरा वेगळी. प्रशियात १८२४ साली राइसविट्झ या तरुण लष्करी अधिकाऱ्याने वडिलांचा क्रीगश्पील सुधारून मांडला, तेव्हा नकाशावर सैन्याचे ठोकळे होते आणि कोणत्या पलटणीची किती माणसं पडली याचा हिशेब पंच कागदावर ठेवत असे. ठोकळा सांगे जागा, कागद सांगे अवस्था. एच. जी. वेल्सच्या १९१३ च्या ‘लिट्ल वॉर्स’मध्ये खेळण्यातली तोफ खरोखर लाकडी गोळा फेकायची, जो शिपाई पडला तो मेला, उभा राहिला तो जिवंत. तोफेच्या माऱ्यात तिसरी अवस्थाच नाही, त्यामुळे खुणेचीही गरज नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आधी गायगॅक्सने जेफ पेरेनबरोबर १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे युद्धखेळाचे नियम काढले होते. त्यातला साधा शिपाई एका फटक्यात जायचा, आणि एकट्या वीराला मारायला एकाच वेळी चार फटके लागत. १९७४ मध्ये हे पालटलं. जखम साठायला लागली. आज अर्धमेला झालेला उद्याही अर्धमेलाच. जोडीला झोपेचा मंत्र, भुरळ, माणूस जागीच खिळवणारा मंत्र, मेड्यूसाच्या नजरेने होणारा दगड, हे सगळं त्या पहिल्या तीन पुस्तिकांतच होतं. मुखपृष्ठावर कागद, पेन्सिल आणि मिनी या तिन्हींचा उल्लेख होता. नोंद मात्र सगळी कागद-पेन्सिलकडे गेली आणि मिनी पुन्हा फक्त जागा सांगत राहिली. आजची आपली गैरसोय तिथून आली आहे, असं मला वाटतं.

अवस्था सोंगटीतच बसवायचा सर्वांत धाडसी प्रयत्न २००० साली झाला. विझकिड्स कंपनीच्या ‘मेज नाइट’मध्ये मूर्तीच्या बैठकीतच एक चकती होती. घाव बसला की बैठक कट् करून एक घर फिरवायची. खिडकीतून नवे आकडे दिसत, चाल कमी, वार कमी. दोन वर्षांनी त्याच तऱ्हेचा ‘हीरोक्लिक्स’ आला. कल्पना फारच देखणी. पण चकतीवर शिल्पकाराने आधी ठरवलेल्या अवस्थाच मावतात. ओगरवर कोण कधी कोणता शाप टाकेल ते तिला कसं कळणार? भूमिकांच्या खेळाचा जीव तर त्या अनपेक्षितातच असतो.

मग २००८ ची चौथी आवृत्ती आली आणि टेबलं खुणांनी भरून गेली. तिच्यात चौकटींचा पट जवळपास अनिवार्य होता, आणि दर पाळीला कोणी ना कोणी कोणावर काहीतरी लादत असे. पाळीच्या शेवटी फासा टाकायचा, १० किंवा वर आला तर अवस्था सुटली. निम्मी ताकद गेली की ‘ब्लडिड’, रक्तबंबाळ. लढवय्या शत्रूला ‘मार्क’ करी, आणि मार्क झालेल्याने त्याला सोडून दुसऱ्यावर वार केला तर त्याचे २ वजा. दुसऱ्याने मार्क केलं की पहिलं पुसलं. त्या काळात खेळलेल्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे: मार्क कोणाचा, हे दिसलं नाही तर डाव पुढे सरकत नसे. या आवृत्तीवर टीका भरपूर झाली आणि पुढच्या आवृत्तीने बरंच ओझं उतरवलं. पण ‘ब्लडिड’ हा शब्द २०२४ च्या नियमांत परत आला आहे, आणि तो परतला याचा मला मनापासून आनंद आहे. समोरचा राक्षस निम्मा संपला आहे, एवढं खेळाडूला दिसायलाच हवं. नेमका आकडा डीएमने खुशाल झाकावा.

आता खुणांकडे येतो. पुस्तिकेत यावर दोन प्रकरणं आहेत, म्हणून इथे मी फक्त हाताला जे उमगलं तेवढंच सांगतो.

पाण्याची किंवा शीतपेयाची बाटली उघडली की बूच हातात येतं आणि त्याच्याखालचं प्लास्टिकचं कडं बाटलीच्या गळ्यातच राहतं. भाजीच्या सुरीचं टोक आत घालून ते अलगद उचललं की निघतं. आतल्या बाजूला बारीक दाते असतात, ते कात्रीने छाटून टाकायचे. हे कडं माणसाएवढ्या मिनीच्या डोक्यावरून सोडलं की एक इंची बैठकीभोवती येऊन बसतं. निळं, पांढरं, हिरवं, लाल, नारिंगी, सगळे रंग घरबसल्या जमतात. जगभरचे खेळाडू हीच युक्ती करतात आणि बाजारात अवस्थांची नावं छापलेली तयार कडीही मिळतात. पंख पसरलेल्या मिनीवर कडं खाली उतरत नाही. ओगरची बैठक दुप्पट मोठी, तिच्याभोवती ते मावत नाही. पण त्याच्या सोट्यात ते झकास अडकतं. तो सोटा बघितला की मला अजूनही तो रविवार आठवतो.

आईच्या शिवणाच्या डब्यातले मणी बारीक तारेत ओवून केलेल्या रिंगा उत्तम. लहान मुलं हातात घालतात ती रंगीत रबरी कडी पातळ भाल्यालाही धरून राहतात. टिकल्यांचं पाकीट ही तर आपल्याकडची खास सोय. दहा-वीस रुपयांत रंगच रंग, बैठकीच्या कडेला चिकटवायच्या, काढायच्या, पुन्हा चिकटवायच्या. फक्त मूर्तीच्या रंगवलेल्या भागावर टिकली लावू नका, ओढताना रंगाचा पोपडा निघतो. बैठकीखाली लोहचुंबक बसवून त्याला चकत्या चिकटवण्याची पद्धत महाग, पण फार सुबक. मिनी उचलली की तिच्या अवस्था तिच्याबरोबर उचलल्या जातात.

हाच मुद्दा कळीचा आहे. शेजारच्या चौकटीत ठेवलेली खूण चालत नाही. ओगर पुढे जातो आणि त्याचं विष मागच्या चौकटीत तसंच पडून राहतं. आणि फासा तर खूण म्हणून कधीच वापरू नये. मिनीशेजारी ठेवलेला सहा बाजूंचा फासा कोणीतरी भरात उचलतो आणि टाकून मोकळा होतो. त्यावरचा ४ हा थकव्याच्या पायरीचा होता की भीतीच्या अंशाचा, हे मग कोणालाच आठवत नाही. पाथफाइंडर या याच जातीच्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत भीतीला असा आकडा असतो आणि प्रत्येक पाळीच्या शेवटी तो एकाने उतरतो. तिथे जेवढे अंश तेवढे मणी ठेवावेत आणि दर पाळीला एक काढावा. मणी काढण्याची कृती भीती ओसरण्यासारखीच आहे, हाताला ती पटकन कळते.

आडव्या पडलेल्यासाठी मात्र कोणतीही खूण नको. मिनी सरळ आडवी करा, सारीपाटातल्या सोंगटीसारखी. नाजूक भाले, पंख, ताजा रंग असेल तर काळजी घ्यावी लागते हे मान्य. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला जे एका नजरेत कळतं, त्याच्यावर आणखी चिठ्ठी लावायची गरज नाही.

आणि आता ज्याच्यासाठी मी ही प्रस्तावना मान्य केली ते. बाजारातल्या बहुतेक संचांत एका अवस्थेला एक रंग असतो. विष हिरवं, भुरळ गुलाबी, भीती जांभळी. पंधरा अवस्थांना पंधरा रंग. चौथ्या डावापर्यंतही ते कोणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली जांभळा आणि निळा एकच दिसतो. ज्यांना लाल-हिरव्यात फरक दिसत नाही, आणि असे पुरुष वाटतात त्याहून पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी तर तो संच निरुपयोगीच. पण यापेक्षा मोठी चूक वेगळी आहे. रंगाने ‘काय’ ते सांगितलं, ‘कोणाचं’ ते सांगितलं नाही. आणि या खेळात ‘कोणाचं’ हेच अधिक महत्त्वाचं असतं. घाबरलेला कोणाला घाबरला आहे? ज्याची भीती तो समोर दिसतोय तोवरच घाबरलेल्याचे वार बिघडतात, आणि त्याच्याच जवळ तो आपण होऊन जाऊ शकत नाही. भुरळ पडलेला फक्त भुरळ घालणाऱ्यावर वार करू शकत नाही, बाकीच्यांवर करतो. पकडलेला कोणाच्या मिठीत आहे? तो पकडणारा बेशुद्ध झाला की हा सुटला.

एकाग्रता लागणारे मंत्र पाहा. माणूस जागीच लुळा करणारा मंत्र घ्या. टाकणाऱ्याने एकाग्र राहायचं, त्याला घाव बसला की फासा टाकायचा, १० किंवा घावाच्या निम्मे यांतलं जे मोठं तेवढं तरी आलं पाहिजे. नाही आलं तर मंत्र तुटला. समोरचा लुळा पडलेला असेतो पाच फुटांतून बसणारा प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे जास्तच जबर, होतो. म्हणजे पटाच्या एका टोकाला जादूगाराला बाण लागला की दुसऱ्या टोकाला सरदाराच्या हातापायांत बळ परत आलं. हा धागा पटावर दिसत नसेल तर पाच माणसांनी तो डोक्यात वागवायचा? पंधरा रंगांच्या संचात जादूगारावर एक रंग आणि सरदारावर दुसराच. दोघांचा काही संबंध आहे हे कोणत्या खुणेवरून कळणार?

म्हणून आमच्या टेबलावर रंग खेळाडूचा असतो. पुजारीण खेळणारीचा पिवळा, जादूगाराचा निळा, चोराचा हिरवा, लढवय्याचा लाल, आणि डीएमने लादलेल्या सगळ्याचा काळा. पिवळं कडं ओगरच्या सोट्यात दिसलं की ओगरवर काहीतरी आहे आणि ते तिचं आहे, एवढं सर्वांना कळतं. काय आहे, ते ती सांगते, तिच्या समोरच्या पत्त्यावर नियम लिहिलेला असतो. एकाग्रता लागत असेल तर दुसरं पिवळं कडं तिच्या स्वतःच्या मिनीवर. एकाग्रता एका वेळी एकाच मंत्रावर धरता येते, त्यामुळे एकाच हाताच्या एकाच रंगाचा गोंधळ क्वचितच होतो. तिचं कडं तुटलं, म्हणजे काढलं, की पटावरची तिची त्या मंत्राची सगळी कडी काढायची. ज्यांना रंग वेगळे दिसत नाहीत त्यांच्यासाठी रंगाबरोबर वस्तूही बदलतो: कोणाचं कडं, कोणाचा मणी, कोणाचा दोरा.

याचा एक फायदा मला आधी दिसला नव्हता. खूण लावणं सोपं असतं, काढणं राहून जातं. लढाई संपून दोन खोल्या पुढे गेलो तरी कोणाच्या तरी गळ्यात जुनं विष लटकत असतं. पूर्वी हे सगळं डीएमच्या माथी. आता ज्याची खूण त्याने लावायची, ज्याची खूण त्यानेच काढायची, आणि शत्रूच्या पाळीला “याच्यावर माझं आहे हां” असं त्यानेच म्हणायचं. डीएम सहा राक्षस, दोन सापळे आणि एक कथा हाकत असतो. त्याच्या विसरण्यावर कोणाचा दोन वर्षांचा पात्र-संसार टांगणीला लागू नये.

तीन सारख्या ओगरांचं काय? त्यांना अंक द्या. बैठकीच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाने १, २, ३. इतकं साधं. मी ते त्या रविवारी केलं नव्हतं.

आक्षेप आहेत. मिनी रंगवणारे मित्र म्हणतात, तीन-तीन रात्री जागून डोळ्यांतली बुबुळं रंगवायची आणि त्यावर बाटलीचं कडं घालायचं? त्यांचं दुःख मला कळतं, मीही रंगवतो. त्यांच्यासाठी चुंबकी चकत्या आहेत, त्या बैठकीखालीच राहतात. काहीजण पटच वापरत नाहीत, सगळी लढाई शब्दांत खेळतात. त्यांना ही पुस्तिका लागणार नाही, पण प्रत्येकाच्या समोर रंगीत चिठ्ठी उभी करायची कल्पना त्यांनाही उपयोगी पडेल. तिसरा आक्षेप तरुणांचा. २०२३ मध्ये आलेला ‘बाल्डर्स गेट ३’ खेळून अनेकजण पहिल्यांदा या टेबलाकडे वळले. तिथे पाचव्या आवृत्तीचेच नियम, पण सगळ्या अवस्था संगणक सांभाळतो. चिन्हं आपोआप उमटतात, आपोआप पुसली जातात. मग हे हाताने कशाला? टेबलावर ते कोणीतरी केलंच पाहिजे, आणि एकट्याने करण्यापेक्षा सगळ्यांनी केलेलं बरं, एवढंच मी त्यांना सांगतो. कोणी शाप टाकला की ती व्यक्ती स्वतः उठून, टेबलाभोवती फिरून, ओगरच्या सोट्यात कडं अडकवते तेव्हा टेबलावरच्या सगळ्यांची नजर त्या हाताकडे जाते. पडद्यावरच्या चिन्हाकडे अशी नजर गेलेली मी पाहिलेली नाही.

पुस्तिकेच्या लेखकांनी प्रत्येक युक्ती आपल्या टेबलावर किमान काही डाव चालवून मगच घेतली आहे. जी जमली नाही ती जमली नाही असं लिहिलं आहे. शेवटी पंधरा अवस्थांचे पत्ते मराठीत दिले आहेत, कापून वापरता येतील असे. ‘रिस्ट्रेन्ड’ला ‘जखडलेला’ आणि ‘ग्रॅपल्ड’ला ‘पकडलेला’ हे शब्द ठरवताना त्यांचे बरेच वाद झाले. मला दोन्ही पटतात, कारण जखडलेल्याचे स्वतःचे वार बिघडतात, पकडलेल्याचे २०१४ च्या नियमांत बिघडत नाहीत. त्याचे फक्त पाय अडकतात. ज्यांना इंग्रजी शब्दच तोंडी बसले आहेत त्यांनी तेच वापरावेत, पत्त्यावर दोन्ही आहेत.

आमच्या त्या मुलीने नंतर नवं पात्र घेतलं, पण रंग पिवळाच ठेवला. तिची सात कडी एका सेफ्टी पिनेत ओवलेली असतात. तुमच्या टेबलावर आमच्याहून चांगली रीत असेल तर लेखकांना जरूर कळवा, पुढच्या आवृत्तीत ती घालायची त्यांची तयारी आहे. आणि पुढच्या डावाला बसण्याआधी एवढं करा: प्रत्येकाला एक रंग निवडायला सांगा, आणि सारख्या दिसणाऱ्या राक्षसांच्या पाठीवर अंक घाला.